शिदरामच्या वाकड्या तबकड्या

तार आली तेव्हा माझा हात रुमालाखाली होता. सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. रुमाल उचलेपर्यंत हात हातात राहिला तर सौदा झाला, मग तो देवाच्या बापालाही मोडता येत नाही. मिरजेचा एक जुना अडत्या माझी तीन बोटं धरून बसला होता आणि पोस्टमन माझ्या डोक्याशी उभा राहून म्हणत होता, "शेटजी, साताऱ्याची तार हाय, सही करा." मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. सौदा संपवला, मग तार फोडली. शिदराम गेला होता. पेठेतल्या पोरवयापासूनचा माझा मित्र, साताऱ्यात ग्रामोफोन आणि शिलाईयंत्रं दुरुस्त करणारा शिदराम मिस्त्री. पहिला विचार मनात आला तो लिहितो, कारण गोड खोटं लिहायला मला जमत नाही... 'आता सुटका नाही,' असा तो विचार होता.

सुटका कशातून, ते सांगायचं तर मागे जावं लागेल. आम्ही दोघं याच पेठेत पोती वाहायचो. तेव्हा मी शेटजी नव्हतो, जिन्या होतो. दुपारी सगळे हमाल थप्पीच्या सावलीला आडवे व्हायचे. शिदराम मात्र समोरच्या चहाच्या दुकानातल्या ग्रामोफोनला कान लावून बसायचा. गाणं चांगलं की वाईट याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "गाणं समद्यांनाच आवडतं रं," तो म्हणायचा, "पर हितं ऐक. कडव्याच्या मधीच तबलजी खोकलाय. माणूस बरा झाला आसंल, पर ह्यो खोकला आता कवाच बरा व्हायचा न्हाई." त्या एका खोकल्यासाठी तो जेवण टाकायचा. एक दिवस ती ग्रामोफोनची पेटी अडली. यानं चमच्याच्या दांड्यानं ती उघडली आणि चालू केली. त्या दिवसापासून त्याचं पोत्यावरून मन उडालं. वर्षभरात तो साताऱ्याला गेला. मी पोती उचलत राहिलो, मग मोजत, मग विकत घेत. आमच्या दोघांच्याही मागे कुणाचा बाप उभा नव्हता.

साताऱ्याचं त्याचं दुकान एका दाराचं. पुढे दुरुस्ती, मागे त्याचा संसार, म्हणजे तानूवहिनी आणि जगातलं सगळं बिघडलेलं सामान. काड्यापेटीची चित्रं जमवणारे पुष्कळ असतात. शिदरामकडे एकच होतं, त्यावरच्या वाघाला छापणाऱ्यानं पाच पाय दिले होते. एक कॅलेंडर होतं, त्यातल्या सरस्वतीचा एक हात चित्रकार विसरलेला, वीणा अधांतरी. पोपटाच्या मुठीची छत्री होती, ती उघडली की पोपटाची चोच मिटायची. तबकड्यांचं तर विचारू नका. एकीवर लेबल भजनाचं आणि आत एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता हसतोय. आणि त्याची सगळ्यात लाडकी, जिचं मधलं भोक मधोमध पडलेलंच नव्हतं. वाजायला लागली की गाणारी बाई पाण्यात पाय घसरल्यासारखी झोकांड्या द्यायची. शिदराम तबकडीच्या कडेवर बोट टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा, उचलायचा... प्रत्येक फेऱ्याला, अचूक. आणि बाई सरळ गायला लागायची. मी म्हणालो, "अरे, कानस घे, भोक मोठं कर आणि नीट बसव." तो हसला. "मग ती बाकीच्यांसारखीच हुईल की, जिनू. मग माजं काय काम?"

लढाई सुरू झाली आणि त्याच्या वेडाला पाय फुटले. उंब्रज, खंडाळ्याकडची पोरं पलटणीत होती. कुणी मिसरात, कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात. रजेवर येताना ती साबण-चाकूबरोबर कुठल्या कुठल्या बाजारातल्या तबकड्या आणायची आणि ऐकायला शिदरामकडे यायची आणि त्याच्याकडेच ठेवून जायची, कारण गावात पेटी कुणाकडे? त्या भाषा ना त्यांना कळायच्या ना शिदरामला. एकदा मी तिथे असताना उंब्रजची एक म्हातारी आली. तिच्या मुलानं आणलेली तबकडी त्यानं लावली. कुणी बाई घोगऱ्या आवाजात काहीतरी लांबवत होती. म्हातारी पदर तोंडाला लावून ऐकत राहिली आणि म्हणाली, "आवं मिस्त्री, लेक सासरी निघालीय बगा हिची." शिदरामनं पाकिटावर पेन्सिलीनं तेवढंच लिहून ठेवलं. मी म्हणालो, "कशावरून?" "लेकी आठ दिल्यात तिनं सासरी. तुज्यापरीस तिला जास्त कळतं."

आता माझं दुखणं. त्याच लढाईत तबकड्या जिच्या बनतात ती लाख मिळेनाशी झाली. नव्या तबकड्यांसाठी जुन्या वितळवायला हव्या होत्या, आणि पुण्याचा एक व्यापारी सांगलीत येऊन फुटक्या-तुटक्या सगळ्याच उचलत होता. शिदरामचं दुकान तेव्हा बसलेलं, सुया मिळत नव्हत्या, स्प्रिंगा मिळत नव्हत्या, वहिनी दुसऱ्यांचे कपडे शिवत होत्या. मी भर पेठेत चार माणसांसमोर त्या व्यापाऱ्याशी रुमालाखाली सौदा केला. शिदरामच्या सगळ्या तबकड्या. अडलेला हमालसुद्धा खूश होऊन हसेल असला भाव काढला होता मी, वजनावर मिळतो त्याच्या दुप्पट. त्याला न विचारता केला, हे खरं. पण कुणासाठी केला? शिदराम सांगलीला आला, त्या चार माणसांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माल माजा हाय. हात ह्येचा हुता." एवढंच, आणि गाडी धरून परत गेला. पेठेत माझा शब्द त्या एका दिवशी पडला. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. पुढे महिनाभर लोक माझ्याशी हात मिळवताना विचारायचे, "शेट, माल तुमचाच न्हवं?" मी तीन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. माफ केलं असं म्हणायची अशा लेखांत पद्धत आहे. मी केलेलं नाही.

मग वहिनींचं कार्ड आलं. 'भावोजी, ते आता उठत नाहीत. राग धरू नका.' मी सातारा रोड स्टेशनला उतरलो, मोटार धरली. शिदराम खाटेवर, अंगावर घोंगडं, छाती भात्यासारखी वरखाली.

"आलास व्हय शेट? वजन वाढलंय. हळदीत काय घालतोस?"

"तुझ्यासारखं खोकत तरी नाही," मी म्हणालो. तो हसला आणि हसता हसता खोकला. बराच वेळ.

"ऐक," तो म्हणाला. "तानी पाचगणीला भावाकडं जाईल. तितं तिलाच जागा न्हाई, ह्याला कुटली? समदं तुला देतोय."

"मला? मी चार दिवसांत विकून टाकीन."

"म्हणून तर आदी बोलतोय. इकायचं न्हाई. फोडायचं न्हाई. कुनी आलं तर ऐकवायचं."

"दुसरा कुणी बघ. गाण्याची आवड असणारा."

"आवड असनारा निवडून घील रं. चांगलं ठेवील, बाकीचं टाकून दील. तुला ह्यातलं एकबी आवडत न्हाई. तू कशाला निवडशील?"

आयुष्यभर मी लोकांची गरज ओळखून भाव केला. या माणसानं माझी नावड ओळखून केला. मी चिडलो, खूप बोललो. पेठेतलं सगळं काढलं, पडलेला शब्द काढला. मग त्यानं घोंगड्याखालून हात पुढे केला आणि माझा हात आत ओढला. बोटं दाबली नाहीत. भाव सांगितला नाही. नुसता धरून ठेवला. आम्ही दोघंही पेठेतले. काढून घेतला की मोडला, हे मला कळत होतं, त्यालाही. हात किती हलका झाला होता त्याचा... पोती उचलणारा हात तो. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी घोंगडं सारखं करायला उचललं आणि हात तसाच होता.

माझ्या गोदामाशेजारी एक खोली आहे. खिडकी रस्त्यावर. इतकी वर्षं हळदीच्या धुळीत बसून हिशेब केला आणि शेवटी ही खोली बसायला म्हणून बांधली. टेबलही सांगितलं होतं. त्या खोलीत आता छपरापर्यंत शिदरामची खोकी आहेत. टेबल सुताराकडेच पडलं आहे, मी धुळीतच बसतो. गुरुवारी बाजाराला आलेले लोक दारात चपला काढून उभे राहतात. "मिस्त्रीची ती हसनारी लावता का जरा?" हळद सोडून मी चावी फिरवायला उठतो. माझा धंदा, माझी भिंत, माझं दार, आणि आत मी पाहुणा.

गेल्या आठवड्यात तोच पुण्याचा व्यापारी आला. वितळवायला आता नको होत्या. पलटणीतल्या पोरांनी आणलेल्या परदेशी तेवढ्या हव्या होत्या. कुणी शौकीन सापडलं होतं. "शेटजी," तो मोठ्यानं म्हणाला, चार माणसं ऐकतील असं, "मागल्या खेपेला तुमचा शब्द पडला होता. आता माल तुमचाच आहे. तो शब्द उभा करा." आणि त्यानं रुमाल टाकला. ज्यासाठी मी इतकी वर्षं जळत होतो, ते सगळं त्या रुमालाखाली होतं. त्यानं बोटं दाबली. भाव खरा होता, खऱ्याहून जास्त होता. मी हात काढून घेतला. पटलेल्या भावावरून हात काढण्याची माझी ही पहिली वेळ. मी व्यापाऱ्यावर ओरडलो, त्याच्या सात पिढ्या काढल्या, पण शिव्या त्याच्यासाठी नव्हत्या. ज्याच्यासाठी होत्या तो साताऱ्याला माहुलीच्या संगमावर राख होऊन गेला होता.

लोक पांगले तेव्हा मी खोलीत गेलो आणि ती वाकड्या भोकाची तबकडी लावली. बाई झोकांड्या देऊ लागली. उघड्या खोक्यात कानस दिसत होती, शिदरामच्याच हत्यारांतली. दोन मिनिटांचं काम. मी ती उचलली, अंगठ्यानं धार पाहिली आणि खोक्यात परत ठेवली. मग तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. एकदा लवकर, एकदा उशिरा. बाई जास्तच धडपडली. चावी संपेपर्यंत बसलो, मग पुन्हा चावी दिली. रोज बसतो. पेठेत सगळ्यांची बोटं वाचणारा मी... हे एक बोट अजून जमत नाही, आणि जमेपर्यंत तो मला उठू देणार नाही.