अक्काचा अंगठा

परवा रेशन दुकानातलं यंत्र माझा अंगठा काही घेईना. "काका, ओलं करून पुसा जरा," दुकानदार म्हणाला. मी रुमाल ओला केला, आणि थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हाताचा तो तंबाखूचा वास आला.

वडील गेल्यावर शुक्रवार पेठेतल्या घरावरचा तिचा हक्क मी माझ्या नावावर करून घेतला. "वारसाची नोंद करायचीय," एवढंच तिला सांगितलं होतं. खरं तर ते हक्कसोडपत्र होतं. नोंदणी कार्यालयातल्या यंत्राला तिचा अंगठा ओळखता येईना. विड्या वळून वळून रेषा झिजल्या होत्या. त्याच विड्यांवर मी शिकलो होतो.

"अंगठा नको म्हणतोय बघ," अक्का हसली. "तूच धर की. तुझं लई ऐकतो त्यो."

मी तो ओल्या रुमालानं पुसला, फुंकर घातली आणि काचेवर दाबून धरला. हिरवा दिवा लागला.

"झालं न्हवं तुझं काम?" तिनं हळूच विचारलं.

बिचारीला काही कळलं नाही, असं मी तेव्हा समजलो. आता वाटतं, तिला सगळं कळलं होतं. तरीही दिवा लागल्यावर कितीतरी वेळ तिनं आपला हात माझ्या हातातच राहू दिला होता.