वाट चुकलेले बापू

कामिनी सातपुड्यातल्या धडगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. माहेर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचं. केळी, ऊस, नजर पोचेल तिथवर सपाट जमीन. तिच्या वडिलांना, गिरधरबापूंना, सातपुड्याची कायम धास्ती. लेकीला भेटायला आले तरी घाट लागला की जीपमध्ये डोळे मिटून बसायचे.

कामिनीही जंगलात कधी शिरली नव्हती. जुन्या अमेरिकन साहित्यातलं अरण्य मात्र ती दरवर्षी वर्गात शिकवायची. जहाजातून उतरलेल्या गोऱ्या लोकांना समोरच्या झाडीत सैतानाचं घर दिसलं. वस्तीत देव, रानात पाप. त्यांच्या पुस्तकांत जंगल म्हणजे माणसाच्या मनातला काळोख, असं ती सांगे आणि पोरं मुकाट्यानं लिहून घेत.

आई गेली आणि बापूंना विसर पडू लागला. कामिनीने त्यांना आपल्याकडे आणलं. कॉलेजला जाताना ती बाहेरून कडी लावायची. जीव तुटायचा, पण इलाज नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एकदा घाईत कडी राहिली. दुपारी येऊन बघते तर दार सताड उघडं. ती अनवाणीच रस्त्यावर धावली. जीपवाला जालमसिंग म्हणाला, "मॅडम, बाबा वरच्या पायवाटेने गेले वाटतं. चला, मी येतो."

झाडी दाट होत गेली तशी ती जालमसिंगच्या पाठोपाठ अगदी जवळून चालू लागली. वर्गात सांगितलेलं सगळं आता अंगावर येत होतं. पाचोळा वाजला तरी ती दचकायची आणि "बापू!" म्हणून हाक मारायची.

टेकडीआड एक कुडाचं घर होतं. अंगणात बाजेवर बापू बसले होते, मांडीवर तुरीच्या शेंगा. शेजारी एक म्हातारी त्यांच्याबरोबर शेंगा सोलत होती. तिचं नाव रूपलीबाई. तिची बोली पावरी, बापूंची अहिराणी. तरी दोघांचं काहीतरी मजेत चाललं होतं.

"बाबा वाट चुकला," रूपलीबाई मोडक्या मराठीत म्हणाली. "भुकेला होता. भाकर दिली."

"बापू, चला घरी."

बापूंनी मान हलवली. "मी नही येस. आठे बरं शे. आठे कोनी दार लावत नही."

इथे कोणी दार लावत नाही, हे ऐकून कामिनी मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. ती शिकवायची त्या अमेरिकन पुस्तकांत अशीही गोरी माणसं होती, रानातल्या लोकांनी जवळ केलेली. घरचे न्यायला आले की ती माणसं तोंड फिरवून रानातच राहायची. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून तो भाग कामिनी भराभर उरकायची. न्यायला आलेल्या घरच्यांना काय वाटलं असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

रूपलीबाईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "उद्या परत आण. बाबाही ये, तूही ये."

तेव्हा कुठे बापू उठले. रूपलीबाई त्यांचा हात धरून रस्त्यापर्यंत आली.

आता कॉलेजच्या दिवशी सकाळी रूपलीबाईची सून बापूंना वर घेऊन जाते. रविवारी कामिनीही जाते. परवा बापू कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांना बघता बघता कामिनी बाजेवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला, कित्येक महिन्यांनी असा गाढ. कोंबड्या बाजेखाली घुसून कलकलाट करू लागल्या, तेव्हा रूपलीबाईने त्यांना पदराने हाकललं आणि बापूंना ओठांवर बोट ठेवून खूण केली.