इंदूताईच्या अंगणाची स्थळपाहणी

पेणच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. गणपती गेल्यानंतर एके सकाळी ते मी कापडाने झाकले, शेजारच्या झेरॉक्सवाल्यास लक्ष ठेवावयास सांगितले आणि अलिबागच्या एस.टी.त बसलो. शाळेशी माझा संबंध लवकर तुटला. परंतु वारसनोंदीपासून वहिवाटीच्या तंट्यापर्यंत या तालुक्यातील कितीतरी कुटुंबांचे म्हणणे माझ्या हातून कागदावर उतरलेले आहे, आणि त्यामुळे लोक मला विचारून निर्णय घेतात. या खेपेस विचारणारा माझा सख्खा भाचा संदेश होता.

माझी थोरली बहीण इंदूताई दिवेआगरला दिलेली. यजमान वारल्यानंतर ती व संदेश एवढीच माणसे त्या घरात उरली. वादळात त्यांची घरामागची माडांची वाडी आडवी झाली तेव्हा संदेश मुंबईची नोकरी सोडून आला आणि घरातील दोन खोल्या त्याने पर्यटकांसाठी काढल्या. त्याचा फोन आला तो असा :

"मामा, लोक मोबाईलवर फोटो बघतात आणि शेजारच्याकडे जातात. मला ओटीला काच लावायचीय. अंगणात कारंजं आणि खोटी हिरवळ. आई हो म्हणत नाही, आणि का नाही तेही सांगत नाही. दिवाळीच्या आत झालं नाही ना, तर मी परत मुंबईला जाणार. तुमचंच ती ऐकते. तुम्ही या, आणि येता येता वाटेतली घरं बाहेरून कशी केलीत तीही बघत या."

पाठच्या बाजूला पडझड झालेली वाडी आणि पुढे रिकाम्या खोल्या, अशा घरात इंदूताई एकटी राहणार, हे मला फोनवरच डोळ्यांसमोर दिसले. म्हणून निघालो; आणि निर्णय देणाऱ्याने आधी माहिती घ्यावी या माझ्या नियमानुसार सरळ रस्ता न धरता आधी किहीम गाठले.

किहीमला समुद्रापर्यंत माडांची सावली आहे आणि त्या सावलीत मुंबईकरांचे बंगले. एका बंगल्यासमोर मी थबकलो. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाचे घडीव ठोकळे), त्यांवर गिलावा नाही, रंग नाही. पावसाने धुतलेला तो तांबडा दगड ओल्या मातीसारखा दिसत होता. खिडक्यांच्या चौकटी काळ्या, दारापर्यंत नदीतल्या गोट्यांची वाट. आतून माळीबुवा आले.

"दारात कशाला उभं ऱ्हाता? या आत. साहेब न्हाय हितं."

"भिंतींना गिलावा करावयाचा राहिला आहे काय?" मी विचारले.

"न्हाय वो! मुद्दाम उघडा ठेवलाय." माळीबुवा हसले. "आमचं घर बांधलं तवा आमचा पन चिरा उघडाच ऱ्हायला. तं गाव बोलायचं, याचं पैसं सरलं. आता यांचा उघडा तं लोक म्होरं उभं ऱ्हाऊन फोटू काढतात."

"मग आपण गिलावा काढून का टाकीत नाही?"

"बायकोला इचारा. तिनं अबोली रंग लावून घेतलाय. ती मला काढंल घरातनं."

उघडा चिरा चांगला दिसतो, हे मात्र मी मनात पक्के केले.

मुक्काम नागावला केला. तेथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पर्यटकांची घरे आहेत आणि प्रत्येक घर दुसऱ्यापेक्षा मोठ्याने बोलते. मी उतरलो ते घर गुलाबी होते, खांब पोपटी, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे दोन हंस. घरधनीणबाई बोलक्या होत्या.

"रंग जरा भडक आहे," मी सौम्य शब्दांत म्हणालो.

"असू दे की भडक. गाडीतून येणारा माणूस लांबूनच म्हणतो, ते बघ गुलाबी घर! पत्ता सांगायला नको. आधी पांढरं होतं, तर लोक दवाखाना समजून ताप घेऊन यायचे."

रात्री त्यांनी तांदळाची भाकरी व वालाचे बिरडे वाढले. असे बिरडे मी बऱ्याच वर्षांत खाल्ले नव्हते आणि तसे मी त्यांना सांगितले. सकाळी मात्र एक अपघात घडला. पोपटी खांब आदल्या दिवशीच रंगविलेला होता, ही गोष्ट मला त्यास टेकल्यानंतर कळली. बाईंनी घासलेट आणून माझा पांढरा सदरा स्वतः पुसला. पाठीवरचा पट्टा फिकट झाला, गेला नाही.

पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईवरून गाडी मुरुडकडे लागली की एका हाताला समुद्र सतत सोबत करतो. कोळीवाड्यांतील घरे मला फार आवडली. दारे निळी, आणि दर्शनी भिंतीवर चिनी मातीच्या फरश्यांत होडीचे चित्र, खाली घराण्याचे नाव. हे घर कोणाचे आहे आणि ते कशावर उभे आहे, दोन्ही एका भिंतीवर वाचावयास मिळते. मुरुडला चहासाठी थांबलो त्या हॉटेलाची पुढची बाजू पूर्ण काचेची होती. मालक फडक्याने ती पुशीत होते.

"पुन्हा पुन्हा पुसावी लागते काय?"

"सकाळी पुसली की संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं," ते वैतागून म्हणाले. "खारा वारा. पुसणारी माणसं मिळत असतील तर काच लावावी माणसाने."

आगरदांड्याला फेरीबोटीत चढलो. गाड्या, दुचाक्या, टोपल्या आणि माणसे एकाच फळीवरून आत येतात. खाडीचे पाणी त्या दिवशी मातकट होते, लांबवर जंजिऱ्याची काळी रेघ दिसत होती. दिघीला उतरून बोर्लीमार्गे मी दिवेआगरला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती.

इंदूताईच्या घराला कुंपणाची उंच भिंत नाही. चिऱ्यांचा गुडघाभर गडगा (चुन्यामातीवाचून रचलेली दगडी भिंत) आहे. त्यातून आत गेले की सारवलेले ऐसपैस अंगण, मग दोन पायऱ्या आणि ओटी. तीन बाजूंनी उघडी, कौलांच्या उतरत्या छपराखालची ती ओटी म्हणजेच त्या घराचा चेहरा. ताई तेथेच बसली होती.

"बाळू! आणि पाठीवर हे काय, पोपट बसला होता?"

"नागावचा खांब," मी म्हणालो.

"शिकलेला माणूस ना तू? रंगाला टेकतोस?" असे म्हणत तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. ताई खूप वाळली होती. संदेशने जेवणाआधीच मोबाईलवर चित्रे दाखविली. बंद काचेची ओटी, आत सोफा. अंगणभर हिरवे गालिचे, मधोमध कारंजे. चित्र देखणे होते, हे मी मान्य केले. परवा मिस्त्री येणार होता.

"आई, मामाला सांग तरी. काय वाईट आहे यात?"

"मी वाईट म्हणाले का?" ताई भाकरी थापत राहिली. "मला नको आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाडीच्या मागच्या अंगाला विहिरीवर गेलो. वादळात पडलेले माड कधीच ओढून नेले होते. त्यांच्या जागी ताईने हाताने लावलेल्या पोफळी (सुपारीची झाडे) आता माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. आणि त्यांतील पुष्कळशांना हिरव्या सुपाऱ्यांचे घड लागले होते. पहिलेच. मी हाक मारणार, इतक्यात मागून ताईने माझा दंड धरला.

"बोलू नकोस," ती कुजबुजली. "पहिला घड देवळात पोचेपर्यंत नव्या पोफळीचं नाव तोंडातून काढायचं नाही. सासूबाईंनी पाळलं, मी पाळते."

"संदेशलाही नाही?"

"कोणालाच नाही. तो इकडे फिरकतोय कुठे, पाहुण्यांच्या मागे असतो. वाडी संपली असंच धरून चाललाय तो." तिने पदराने एका खोडावरचे शेवाळ पुसले. "दिवाळीनंतर माल उतरेल. अंगणात गालिचा घातला तर सुपारी वाळवायला मांडव घालायचा कुठे? ओटीला काच लावली तर बायका सोलायला बसतील कुठे? पण तू बोलायचं नाहीस, बाळू. शपथ आहे."

माझ्या धंद्यात कारण न लिहिता अर्ज करता येत नाही. कारण नसलेला अर्ज साहेब वाचूनही पाहत नाहीत. आणि मला तर कारण ठाऊक असून ते झाकून बाजू मांडावयाची होती. न्याहारीला मी प्रयत्न केला. मुरुडची काच सांगितली, किहीमचा चिरा सांगितला, ओटीच्या भिंतीचा गिलावा काढून दगड उघडा केला तर फोटो उत्तम येईल असे सुचविले. संदेशने ऐकून घेतले.

"चिऱ्याचं चांगलं आहे. करू. पण अंगण मातीचं कशाला हवं, मामा? तुम्ही फिरवून बोलताय. तुम्हांला आईने गप्प केलंय."

तेव्हा ताई ताटावरून उठली आणि हात न धुताच म्हणाली, "कर तुला हवं तसं. बोलव मिस्त्रीला. तू इथे राहिलास म्हणजे झालं."

संदेश आनंदाने चुन्याची फक्की घेऊन अंगणात गेला आणि कारंज्याचा गोल आखू लागला. ताई आत गेली. तिने मुलगा निवडला होता आणि वाडी सोडली होती, आणि मुलाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ असते : समक्ष स्थळपाहणी व्हावी. कागदाला जे सांगता येत नाही ते जागेने सांगावे, यासाठी ती ओळ. मी अंगणात गेलो.

"कारंज्याभोवती पोफळीच्या खोडांचे खांब शोभतील," मी संदेशला म्हणालो. "मागे नव्या पोफळी सरळ वाढल्या आहेत. चार तोडाव्या लागतील. कोणत्या, ते तू स्वतः पाहून ये. मी सांगणार नाही."

"आत्ता?"

"आत्ताच. आणि खालून नको, वर मान करून पाहा."

तो गेला. बराच वेळ आला नाही. मी ओटीच्या पायरीवर बसून राहिलो आणि शपथ मोडली की राखली याचा विचार करीत राहिलो. आला तेव्हा त्याचे हात शेवाळाने हिरवे झाले होते. माझ्याकडे न बघता त्याने फक्कीचा गोल पायाने पुसावयास सुरुवात केली. ताई दारात आली.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. कारंजं नको. अंगण पुरणार नाही."

"कशाला पुरणार नाही?"

"असंच," संदेश म्हणाला. आजीचा नेम त्यालाही आठवला असावा. "आणि ओटी राहू दे उघडी. बायका येतील, जातील. आई, मांडव केवढा घालायचा असतो गं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मी सदऱ्याच्या बाह्या सरळ करीत होतो. "दसऱ्यानंतर बघू," ती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

परतीच्या वाटेवर तीच घरे मी पुन्हा पाहिली. गुलाबी, काचेची, होडी मिरविणारी. प्रत्येक घरापुढे एखादी मोकळी जागा दिसली की ती कशासाठी ठेविली असेल, असा प्रश्न आता मनात येऊ लागला. घरी पत्नीने विचारले, "मग कोणतं डिझाईन ठरलं?" अंगण मोकळे ठेवावयाचे ठरले, असे मी सांगितले. "एवढं बघायला एवढे दिवस लागले?" ती म्हणाली. मी कोणाजवळ काही बोललो नाही, आणि हे प्रवासवर्णनही तेव्हा लिहिले नाही.

दिवाळी सरली आणि काल संदेशचा फोन आला. पहिला घड त्याने स्वतः उतरवला, आणि आईला पुढे घालून देवळात तोच घेऊन गेला. आज सकाळी टेबल उघडले आणि दुसऱ्या कोणाचा अर्ज हाती घेण्यापूर्वी हे लिहावयास बसलो.