न घेतलेल्या डंखाची दुरुस्ती

गेल्या दिवाळी अंकात मी लिहिलं होतं, की दिल्लीबाहेर, सोनीपतच्या पुढे एका मधपाळाकडे दुखऱ्या गुडघ्यावर उपचार म्हणून मधमाश्यांचे चार डंख घेतले आणि परतताना मेट्रोचा जिना न थांबता चढलो. ते वाचून माझे ऑफिसातले जुने सोबती वानखेडे एकटेच तिकडे गेले आणि त्यांनीही गुडघ्यावर डंख घेतले. परतीच्या बसमध्ये त्यांचा घसा आवळला. तीन दिवस दवाखान्यात होते.

या जानेवारीत त्यांचा फोन आला. "जोशी, पुन्हा जाऊ यार. तू सोबत असलास की भीती नाही. तुला सोसलं, मलाही सोसेल."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पुन्हा डंख घेतलात तर वाचणार नाही म्हणाले. पण त्यांनी तुझा लेख कुठे वाचलाय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आठला मुनिरका मेट्रोवर भेटू.

हौज खासला गाडी बदलली. समयपूर बादलीपर्यंत मी बोलायचं ठरवत होतो. पुढे बस. उतरल्यावर ढाब्यावर मुळ्याचे पराठे खाल्ले. तिथेही बोललो नाही. पराठे चांगले होते.

फुललेल्या सरसोंच्या (मोहरीच्या) कडेला लाकडी पेट्या रांगेत मांडलेल्या होत्या. वानखेडे खाटेवर बसले आणि त्यांनी पँट गुडघ्यावर घेतली. मधपाळाने चिमट्यात माशी धरली.

"थांबा," मी म्हणालो. "वानखेडे, मी डंख घेतलाच नव्हता."

मधपाळ माझ्याकडे नीट बघू लागला. "हाँ, ये ताऊ तो मक्खी देखते ही निकल लिए थे. चाय भी छोड़ गए."

वानखेडे माझ्याकडे वळले. "आणि तो जिना?"

"लिफ्टने गेलो होतो."

त्यांनी पँट खाली केली आणि खाटेवरून उठले. "भैया, इनको लगाओ."

मी बसलो. एकच डंख घेतला. ओरडलो ते अंकात छापण्यासारखं नाही.

परतताना बसमध्ये ते माझ्यापासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसले. समयपूर बादलीला मात्र लिफ्टचं दार हाताने अडवून उभे राहिले.

"ये," म्हणाले. "आणि हेही लिही."

लिहिलं आहे. गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, शिवाय सुजलाही आहे. माझा तो लेख वाचून आणखी कुणी निघालं असेल, तर कृपया परत फिरा.