हलकी गाडी

बर्फात रुतून बसण्यासाठी पहाटे उठून सनीव्हेलहून डोंगरापर्यंत गाडी हाकणारा, आणि एकदाचं रुतल्यावर मनापासून खूश होणारा माणूस अख्ख्या कॅलिफोर्नियात एकच असेल. तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या पदरी पडल्या तेव्हा हे नागपूरच्या उन्हात कूलरला पाठ लावून वाढलेले गृहस्थ होते. पंचेचाळीस डिग्रीत कोट घालून लग्नाला उभं राहिलेल्या माणसाला पुढे बर्फाचं असं वेड लागेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज त्यांच्या गॅरेजमध्ये स्नोमोबील असते आणि दोन्ही मोटारी बिचाऱ्या रस्त्यावर असतात. स्नोमोबील म्हणजे बर्फावरची मोटरसायकल समजा: पुढे दोन स्की, मागे गरगर फिरणारा रबरी पट्टा, मधे साडू, आणि घरी ताईंचा टांगणीला लागलेला जीव. चिप डिझाइनच्या मीटिंगमध्ये हा माणूस एका कोपऱ्यात डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडून बसतो आणि बॉस बोलत असताना मधेच "वा!" म्हणतो. बॉसला वाटतं, आपलं कौतुक झालं. त्यावर त्यांना एकदा प्रमोशनही मिळालं आहे.

त्यांची पहिली स्नोमोबील आडदांड होती. रेड्यासारखी काळी, तशीच जड, आणि सुरू झाली की पार्किंगमधले लोक वळून बघायचे. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. झेंडूची माळ, हळदकुंकू, पट्ट्याखाली नारळ. त्यांच्या मुलीचं दरवर्षीचं मत ठरलेलं, "डॅड, इट्स अ मशीन. मशीनला प्रसाद का?" त्यावर साडू तिलाच प्रसाद द्यायचे. हेल्मेटच्या आत माकडटोपी, त्यावर मफलर, आणि पाठीवरच्या पिशवीत दोन थर्मास. लोकांच्या थर्मासात कॉफी असते. ह्यांच्या एकात पोहे आणि दुसऱ्यात तर्री. शून्याच्या खाली उघड्यावर तर्री-पोहे खाणाऱ्या माणसाभोवती जो वास पसरतो, त्याने तिथली अस्वलंसुद्धा झोपेत कूस बदलत असतील. मी पुण्याचा, मला थंडी सोसत नाही आणि तिखट तर त्याहून नाही. तेव्हा माझी ह्या प्रकरणात काहीच जागा नव्हती. जागा होती ती त्यांच्या पार्टनरची.

पार्टनर म्हणजे त्यांचा अमेरिकेतला पहिला रूममेट. कोल्हापूरचा गडी, दाराच्या चौकटीत मावेल न मावेल असा, आणि गणपतीत आरत्या ओरडून ओरडून बाराही महिने बसलेला आवाज. ते काळं धूड त्यानेच पसंत केलं होतं. "गाडीला वजन पायजे. हलकी गाडी म्हंजे काय, सायकल?" असं म्हणून. वजनाचा परिणाम असा, की भुसभुशीत बर्फात ती हमखास रुतायची आणि दोघांनी दोन स्की धरून ओढल्याशिवाय निघायची नाही. साडू उजवीकडे, पार्टनर डावीकडे. साडूंनी म्हणायचं, "एक, दोन, साडेमाडे..." आणि पार्टनरने पोटातून आवाज काढून म्हणायचं, "तीन!" तो 'तीन' साडूंनी कधी म्हटला नाही. ते त्याचं काम. मी हे त्यांच्या घरी गणपतीत ऐकलं आहे. मखर ठेवायला सोफा हलवायचा होता. साडेमाडेनंतर माझ्या मागून जो 'तीन' आला, त्याने मी दचकून सोफ्याचा माझा कोपरा सोडला. सोफा तरीही उचलला गेला.

एके वर्षी हिवाळा सरता सरता पार्टनरचं हृदय अचानक बंद पडलं. डोंगरावर नाही, काही नाही. सांता क्लाराच्या एका दुकानात भाजी घेताना. बायको-पोरं त्याला नव्हतीच. आणि मग आठवड्याभराने, एका शनिवारी, साडू एकटेच काळी गाडी ट्रेलरवर घालून निघून गेले. ताईंनी फोन करून मला रडत सांगितलं, "एकट्याने जायचं नसतं रे तिथे. रुतले तर काढणार कोण?" पण साडू संध्याकाळी वेळेवर परत आले. रुतले होते का? तर हो, चार वेळा. कसे निघालात? "निघालो," एवढंच. दर शनिवारी हेच व्हायला लागलं तेव्हा ताईंनी त्यांच्यावर नजर ठेवायला माझी नेमणूक केली. मी पगारी असतो तर त्याच दिवशी राजीनामा दिला असता.

माझं काम खाली पार्किंगजवळ मोटारीत हीटर लावून बसणं आणि दिसतील तेवढे साडू बघत राहणं. एका दुपारी ढग खाली उतरले होते. समोरच्या उतारावर धुकं कधी दाट, कधी विरळ व्हायचं आणि त्यातून काळी गाडी दिसायची, जायची. मग ती दिसेनाशी झाली आणि इंजिनचा आवाज बंद झाला. मी घाबरून बाहेर पडलो आणि गुडघाभर बर्फातून चढू लागलो. थोडा वर गेलो आणि साडूंचा आवाज आला, "एक, दोन, साडेमाडे..." मी थांबलो. कोण जाणे का, पण पुढचा पाय उचललाच नाही. धुकं सरकलं. साडू उजवी स्की धरून वाकले होते आणि डावीकडे बघत होते, आपण कोणाची वाट बघतो तसं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आधी डावी बाजू वर आली. उजवी नंतर.

साडूंनी मला पाहिलं, हात हलवला आणि निघून गेले. मी स्वतःला समजावलं, की पट्ट्याचा झटका बसला असेल, उताराचा काही हिशेब असेल. इंजिन बंद होतं हे मी सोयीने विसरलो. खाली आलो तर पार्किंगमध्ये कुत्रा फिरवणारी एक म्हातारी बाई उभी होती. तिने अगदी सहज विचारलं, की तुमचा तो दुसरा, मोठा माणूस अजून वरच आहे का, अंधार पडायच्या आत त्यालाही खाली बोलवा. मी तिला थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या रस्त्यावर मी शेवटी विचारलंच. साडू स्टिअरिंगवरून नजर न हलवता म्हणाले, "तो येते ना. डावीकडून हात लावते. दिसत नाही, पण 'तीन' ऐकू येते बरोबर." मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "पागल समजून राहिला का मला?" मी म्हटलं, "नाही साडूभाऊ." आणि खरं सांगतो, तेव्हा मी त्यांना वेडा समजत नव्हतो. तसं समजता आलं असतं तर रात्री झोप लागली असती. त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र मला कळली: त्यांचं बर्फाचं वेड कधीच संपलं होतं. ते फक्त रुतायला जात होते. पोह्यांची दुसरी ताटली सीटवर ठेवलेली मी नेहमी बघायचो. ती कोणासाठी ते विचारायचं आता कारण उरलं नव्हतं.

पुढे त्यांचा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, जड ओढाल तर हात कायमचा बसेल. ताईंनी सांगितलं, ही गाडी तरी ठेवा नाहीतर मला तरी. मुलीने कॉम्प्युटर उघडून एक हलकी स्नोमोबील दाखवली, "लूक डॅड, सो लाइट! रुतली तरी यू कॅन लिफ्ट इट अलोन." साडूंनी तो कॉम्प्युटर हाताने मिटून टाकला. अख्खा उन्हाळा घरात ह्याच विषयावरून धुसफूस. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाले, "हलकी घेतली तर त्याला काहून बोलावू? काम नसताना बोलावलं तर तो येईल का?" ताईंना तरी कोणत्या तोंडाने सांगणार, की तुमच्या सवतीचं वजन नेमकं कशासाठी लागतं?

आणि मग पहिला बर्फ पडला, साडू खांद्याला पट्टा बांधून गेलेच, आणि परत आले ते उतरलेल्या तोंडाने. गाडी विकायची, म्हणाले. ताईंनी देवापुढे साखर ठेवली. मला मात्र साडूंनी गॅरेजमध्ये नेलं, काळ्या गाडीच्या सीटवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझा खांदा नाही रे. आज तो दमला. 'तीन' म्हणाला आणि मग धापा टाकून राहिला होता. मी ऐकल्या. त्याचं हार्ट आधीच खराब, राजा. आणि मी दर शनिवारी त्याला हे धूड ओढायला लावून राहिलो." साडूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मला, खोटं कशाला सांगू, त्या बंद गॅरेजमध्ये एकदा डावीकडे बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

गाडी एका दणकट अमेरिकन तरुणाने नेली. साडूंनी तिला कुंकू लावलं, त्या मुलाच्या हातावर दही-साखर ठेवली. त्याला वाटलं, ऑईलबद्दल काही आहे, म्हणून त्याने बोटांत चोळून बघितलं. महिन्याभराने त्याचा मेसेज आला. गाडी झकास आहे, पण रुतली की आम्हाला तिघं लागतात, तू एकटा कशी काढायचास, काही युक्ती आहे का? साडूंनी तो मला वाचायला दिला आणि म्हणाले, "तूच लिही काहीतरी." मी लिहिलं, नियमित नाश्ता करत जा.

नवी गाडी आली, पांढरी, सडपातळ, सरळ मार्गाने चालणारी. पहिल्या शनिवारी मी बरोबर गेलो. ती बर्फावरून अशी तरंगत होती, की रुतायचं नावच घेईना. साडू वर गेले, खाली आले, चांगले वळले, आणि त्यांच्या तोंडावर कळा म्हणून नव्हती. दुपारी ढग पुन्हा खाली उतरले. तेव्हा त्यांनी मला उतारावर वर बोलावून घेतलं, एका मऊ खड्ड्यात गाडी नेली आणि जाग्यावर पट्टा फिरवून फिरवून मुद्दाम मागून पुरून टाकली. इंजिन बंद केलं. पोहे काढून ताटली सीटवर ठेवली, वर तर्री ओतली.

"साडूभाऊ, हे काय?"

"त्याला सांगायचं आहे, की आता यायचं काम नाही. सांगू कसं? तो एवढीच एक हाक ऐकते." ते उजव्या स्कीजवळ वाकले. "मी साडेमाडे म्हणतो. पलीकडून तीन आला नाही, तर समजायचं, त्याला समजलं आणि तो गेला. तू मागे उभा राहा. हात नको लावू."

मी मागे उभा राहिलो. मफलर नाकापर्यंत होता आणि आत जीभ टाळूला चिकटलेली. इतकी शांतता मी शहरात कधी ऐकलेली नाही. तर्रीची वाफ तेवढी हलत होती. "एक," साडू म्हणाले. "दोन. पार्टनर, गाडी हलकी आहे बरं. मी एकटा काढतो. तू बस आरामात. साडेमाडे..."

"तीन."

हळू आला. धाप लागलेल्या माणसाचा, बसलेल्या आवाजातला. साडूंनी डाव्या हाताने, एकट्याने, गाडी खड्ड्यातून ओढून काढली आणि तसेच वाकलेले माझ्याकडे वळले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आत भीती होती आणि भीतीमागे हावरी आशा, आणि त्या दोन्हींच्या मधे तो एवढा थोरला माणूस अगदी अडकून पडला होता.

"तू म्हणाला ना?" त्यांनी विचारलं. "तीन, तू म्हणाला ना, राजा?"

नाही म्हणालो असतो तर पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले असते, आणि त्याच्या पुढच्या. काळी गाडी परत विकत घेतली असती. आणि तो दमलेला जीव पुन्हा यायचा, डावीकडून हात लावायचा.

"हो," मी म्हणालो. "मीच. राहवलं नाही."

साडू बर्फात मटकन खाली बसले. "मग गेला," म्हणाले, "सुटला बिचारा," आणि हसता हसता रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सीटवरचे पोहे गार झाले होते, ते आम्ही दोघांनी मिळून संपवले. माझ्या आयुष्यात इतकं तिखट मी कधी खाल्लं नाही, आणि पाणी मागितलंही नाही.

आता दर शनिवारी मीही जातो. ताईंना वाटतं, माझ्यावर बर्फाची जादू झाली. बायकोला वाटतं, माझं डोकं फिरलं. हलकी असली तरी गाडी कधीमधी रुततेच. तेव्हा मी डावीकडे जाऊन स्की धरतो. साडू म्हणतात, "एक, दोन, साडेमाडे," आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत मी घाईघाईने, जमेल तेवढ्या मोठ्यांदा 'तीन' म्हणतो. साडू हसतात, "एवढं ओरडायला काय झालं? हलकी तर आहे." मी स्की ओढायला लागतो. आपण जरा उशीर केला, तर दुसरं कोणीतरी बिचारं उठून येईल, आणि त्याला आता खरंच आराम पाहिजे.