बसलेलं हाड, फिरणारं हाड

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या तुंगाबाईंच्या पायाला भिंगरी होती आणि त्यांचे यजमान नरसिंहराव निवृत्त झाल्यापासून ओसरीवरच्या खुर्चीतून जागचे हलत नव्हते. अख्ख्या संसारात तुंगाबाईंनी त्यांना सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर "अहो, जरा हला." नरसिंहराव "सरी, सरी" म्हणजे 'बरं, बरं' म्हणत आणि पेपरचं पान उलटत.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात भाजीची गाडी पुढे निघून चालली म्हणून तुंगाबाई धावत सुटल्या आणि नुकताच सडा घातलेल्या पायरीवरून घसरल्या. उजवा हात मोडला, दंडापर्यंत प्लास्टर चढलं. तशाच त्या एका गुरुवारी सुनेबरोबर, शुभदाबरोबर, मठात गेल्या आणि तिथे घात झाला. सगळं डाव्या हाताने करायची सवय लागलेली. मठात तीर्थ तीनदा घ्यायची रीत. आचार्यांची पहिली पळी समोर आली तेव्हा डावाच हात पुढे गेला. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी जीभ चावली, हात मागे घेतला आणि तीर्थ न घेताच घर गाठलं. उजवा तळहात पुढे करता येईपर्यंत मठाची पायरी चढणार नाही, असं त्यांनी शुभदाला वाटेतच सांगून टाकलं.

पुढे प्लास्टर निघालं, पण तळहात उताणा होईचना. अंगठा वर करून उभाच अडून बसायचा. मठातली श्रावणातली आराधना, म्हणजे स्वामींची पुण्यतिथी, महिन्यावर आलेली.

डॉक्टर मोहनकुमारांनी एक्स-रे उजेडापुढे धरून समजावलं. कोपरापासून मनगटापर्यंत हाडं दोन. करंगळीकडचं कोपराशी जाड, मनगटाशी बारीक. ते कोपराच्या सांध्यात पक्कं बसलेलं. अंगठ्याकडचं नेमकं उलटं, कोपराशी बारीक आणि मनगटाशी रुंद. तळहात वळतो तो त्याच्यामुळे. तळहात वर असला की दोघं शेजारी शेजारी असतात, पालथा केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. मोडलं होतं ते हेच, फिरणारं. जुळलंय छान, पण फिरायची सवय गेलीय. कोपर कमरेशी दाबून, मुठीत काहीतरी धरून हात फिरवा, स्वल्प स्वल्प.

तुंगाबाई हरखून गेल्या. एवढं आयुष्य गेलं आणि आपल्याच हातातली ही गंमत कोणी सांगितली नव्हती! रिक्षात त्यांनी शुभदाच्या हातावरची दोन्ही हाडं चाचपून पाहिली, रिक्षावाल्यालाही मनगट वळवून दाखवायला लावलं. घरी येताच त्यांनी जाहीर केलं, की बसलेलं हाड म्हणजे नरसिंहराव आणि फिरणारं म्हणजे आपण.

पेपरमागून प्रश्न आला, "आणि मोडलं कुठलं?"

शुभदा तोंडाला पदर लावून आत पळाली.

दुसऱ्या दिवसापासून लाटणं मुठीत धरून सराव सुरू झाला. हात तसूभर जास्त वळला की तुंगाबाई शेजारच्या अंबूबाईंना कुंपणावरून हाक मारून दाखवत. खोड एकच होती. उत्साहाच्या भरात कोपर कमरेपासून सुटायचं, नुसता खांदाच वळायचा आणि यांना वाटायचं हात वळला. "आई, कोपर," शुभदा स्वयंपाकघरातून ओरडायची.

आराधनेच्या दिवशी तुंगाबाईंनी दोनदा लुगडं बदललं. काय घालू, काय नको, असं त्यांना झालं होतं. त्यात आणखी एक नवल घडलं. नरसिंहराव खुर्चीतून उठले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि रिक्षात येऊन बसले.

मठात ही गर्दी. मागून धक्के बसत होते आणि प्रत्येक धक्क्याला तुंगाबाईंचं कोपर सुटत होतं. तळहात करंगळीकडे कलला. आता तीर्थ तिथूनच ओघळणार होतं. रांग पुढे सरकली. पळी जवळ आली.

तेवढ्यात कोपराखाली कोणाचा तरी हात आला आणि त्याने ते कमरेशी घट्ट दाबून धरलं. नरसिंहराव होते. मागचे कितीही ढकलोत, ते तसूभर सरकले नाहीत. तुंगाबाईंनी श्वास घेतला आणि हात वळवला. अंगठ्याकडचं हाड फिरलं, पूर्ण फिरलं. तळहात उताणा झाला आणि तीर्थ त्याच्या खोलगट जागेत थांबलं. तुंगाबाईंना इतका आनंद झाला की प्यायचं भान राहिलं नाही. मागच्यांनी घाई केली तेव्हा कुठे त्यांनी ते तोंडाशी नेलं.

झालं काम, असं समजून नरसिंहराव हात काढू लागले.

"हलू नका," तुंगाबाई म्हणाल्या. "अजून दोनदा घ्यायचंय."