मदन महलला चढणारी मैत्रीण

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवीचे गणिताचे पेपर तपासत होते. नाव शैलाताईचं दिसलं, म्हणून उचलल्याउचलल्या म्हटलं, "काहून वं, आज कशी आठवण झाली?" पण तिकडे शैलाताई नव्हती, तिची सून रश्मी होती. "आंटीजी, मम्मीजी नहीं रहीं," ती म्हणाली. रात्री नीट जेवून झोपली, सकाळी उठलीच नाही. मी काही बोलणार तोच रश्मी रडत म्हणाली, "कल सुबह ही तो आप बस में साथ थीं... कैसी लग रही थीं? कुछ बोली थीं क्या?"

शैलाताईला मी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. बसमध्ये तर पाच वर्षांत पाय ठेवला नव्हता. आणि तरी माझ्या तोंडातून निघालं, "अच्छी थीं. ठीक थीं." समोरची बाई धाय मोकलून रडत असताना माणूस हो म्हणून मोकळा होतो, तसं ते झालं. फोन ठेवल्यावर हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. शैलाताई गेली, हे एक. आणि काल मी तिच्यासोबत होते, हे काय?

आमची ओळख बसमधली. जबलपूरची साधी शहर बस. शैलाताई दीक्षितपुऱ्यातून चालत कमानिया गेटाबाहेर यायची आणि तिथून बस धरायची. मी चार-पाच थांबे पुढे, मदन महलला चढायचे. माझी शाळा मेडिकल कॉलेजच्या पुढे, तिचा सरकारी दवाखाना अजून पुढे, तिलवाऱ्याला. तिथे ती औषधांच्या खिडकीवर बसायची. अठरा वर्षांपूर्वी एकदा मी दांड्याला लोंबकळत फोनवर आईशी भांडत होते, मराठीत, कोणाला कळतंय म्हणून जरा मोकळेपणानंच. बाजूच्या सीटवरून आवाज आला, "अवं, आईशी असं बोलतेत काय? बस इथं." तिनं शेजारची हिरवी पिशवी उचलून मांडीवर घेतली. जुन्या पडद्याची शिवलेली पिशवी, आत डबा, छत्री आणि सुट्ट्या पैशांचा बटवा. दुसऱ्या दिवशी मी चढले तर ती पिशवी पुन्हा सीटवर माझी वाट पाहत होती.

तेव्हापासून तेरा वर्षं तिनं माझी जागा धरली. हे काही सोपं काम नव्हतं. सकाळी साडेनऊची बस, कॉलेजची पोरं, मेडिकलला जाणारे पेशंट, भाजीच्या टोपल्या... आणि मध्ये ही बाई एका कापडी पिशवीच्या जोरावर सीट अडवून बसलेली. "मेरी सहेली मदन महल से चढ़ेगी," एवढंच म्हणायची. कोणी वाद घातला की दवाखान्याच्या खिडकीवरचा आवाज काढायची, मग समोरचा गप. मी चढले की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काहून वं, उशीर केला?" मी रोज चिडायचे. "मी नाही, बस उशिरा आली. आणि त्याच बसमध्ये तू बसून आलीस ना?" तिला हे कधीच पटलं नाही. तिच्या मते ती वेळेवर निघालेली असायची, उशीर माझा.

मग मदन महलपासून माझ्या शाळेपर्यंत आमचं बोलणं. तिचे यजमान लवकर गेले, मुलगा नीरज हिंदीतच वाढला, सून आली ती कटनीची. घरात मराठी उरली होती ती आरतीपुरती. माझा नवरा मराठी खरा, पण तो कोणत्याच भाषेत फार बोलत नाही. तेव्हा दोघींचं दिवसभराचं मराठी त्या अर्ध्या तासात उरकायचं असायचं. नीरजचं लग्न, माझ्या सासूबाईंचं पडणं, कुठल्या दुकानात पोह्याचे पापड चांगले मिळतात, सगळं. भरभर बोलायचो, कारण माझा स्टॉप आला की वाक्य अर्धवट टाकून उतरावं लागायचं. शैलाताई दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच सुरू करायची. "हां, मंग तुझी नणंद काय म्हणून राहिली होती?"

लोक म्हणतात बस स्वस्त पडते. तिकीट स्वस्त पडतं, बस नाही. फुटबोर्डच्या पत्र्यात अडकून माझ्या तीन साड्यांचे काठ गेले, चपलांचे अंगठे तर मोजलेच नाहीत. कंडक्टरकडे सुट्टे कधी नसायचे, तो "उतरते वक़्त ले लेना" म्हणायचा आणि उतरताना गर्दीत कुठला तो नि कुठली मी. बस मध्येच बंद पडली की दुसऱ्यांदा ऑटोचे पैसे, वर हजेरीपुस्तकात लाल शाई. शैलाताईच्या गुडघ्यांची वाट त्या उंच पायरीनं लावली असं मला अजूनही वाटतं. ती मात्र तक्रार करायची नाही. "खर्च तर होतेच ना," म्हणायची, "कशावर होऊन राहिला ते पहावं."

मी ते पाहिलं नाही. पाच वर्षांपूर्वी मी स्कूटी घेतली. हिशेब साधा होता, रोज पंचवीस मिनिटं वाचत होती. गणिताची बाई आहे मी, पंचवीस मिनिटं गुणिले वर्षाचे दिवस असं करून नवऱ्याला पटवलं होतं. शैलाताईला बसमध्येच सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चलो, बरं झालं. उन्हाचं डोक्याला बांधत जाजो." मग थोड्या वेळानं, "मधूनमधून येशील ना वं?" मी म्हटलं, येईन ना, पावसाळ्यात तर येईनच. गेले नाही. पहिल्या वर्षी दोनदा फोनवर म्हटलं की येते, मग म्हणणंही सुटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेट व्हायची तेवढीच. ती रिटायर झाली हेसुद्धा मला महिन्याभरानं कळलं.

तेरवीला दीक्षितपुऱ्यात तिच्या घरी गेले. दारातच रश्मीनं माझा हात धरला आणि आतल्या बायकांना सांगितलं, "यही हैं कुंदा आंटी." सगळ्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी घरचीच. मग हळूहळू कळत गेलं. रिटायर झाल्यावरही शैलाताई आठवड्यातून तीनदा त्याच बसनं तिलवाऱ्याला जायची, नर्मदाजीच्या घाटावर तासभर बसायची, जुन्या दवाखान्यात डोकावून दुपारच्या रिकाम्या बसनं परत. मध्ये एकदा घरात तिला भोवळ आली. नीरज म्हणाला, आता एकटीनं बस बंद, सकाळच्या गर्दीत पडलीस तर? त्यावर ती म्हणाली, "एकटी कुठं? कुंदा असते ना. तीच तर जागा धरते माझी."

मी जागा धरते! मी प्रसादाचा लाडू हातात घेऊन तशीच बसून राहिले. रश्मी सांगत होती, की मम्मीजी बसमधून आल्या की आधी माझी खबर द्यायच्या. कुंदा हे म्हणाली, कुंदा ते म्हणाली. नातीला गणिताची ट्यूशन लावायची नाही, असंही मी म्हणे सांगितलं होतं आणि घरच्यांनी ते ऐकलं होतं. गुडघ्याला तिळाचं तेल लावायचा सल्ला माझा. मी जन्मात कोणाला तेल सुचवलं नाही. "आप साथ थीं, इसलिए हम निश्चिंत थे," रश्मी म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मला लाज वाटली. आणि खरं सांगते, शैलाताईचा रागही आला. जिवंत असती तर तिथंच धरून झापलं असतं तिला.

पुढच्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आणि स्कूटी घरी ठेवून कमानियाला जाऊन तिच्याच थांब्यावरून तीच बस पकडली. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. कंडक्टर मुन्ना भैया, आमच्या वेळी केस काळे होते त्याचे. मला त्यानं ओळखलं नाही. मी शैलाताईचं वर्णन केल्यावर म्हणाला, "हरी थैली वाली अम्मा? दिखीं नहीं बहुत दिन से." मी सांगितलं. त्यानं तिकिटांचा गठ्ठा खिशात टाकला. मग म्हणाला, "रोज़ बगल में थैली रखती थीं. मेरी सहेली मदन महल से चढ़ेगी. मदन महल निकल जाए, तब थैली उठाती थीं. हम बोलते, अम्मा, आपकी सहेली तो आती नहीं. तो बोलतीं, स्कूल में इम्तिहान चल रहे हैं." आणि तो हसला. "पाँच साल से इम्तिहान!" ती सहेली मीच, हे त्याला उतरताना सांगितलं.

म्हणजे घरी सांगायची ते खोटं होतं, पण पिशवी खरी होती. मी रोज त्याच मदन महलच्या सिग्नलला हेल्मेट घालून उभी असायचे. कितीतरी वेळा ती बस माझ्या शेजारूनच गेली असेल. मी वर पाहिलं नाही, इतकंच.

आता प्रश्न रश्मीचा होता. गप्प बसले असते तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. घरचे समाधानात होते आणि माझ्या पदरात फुकटचं पुण्य पडत होतं. पण मुलांना न सोडवलेल्या गणिताचे मार्क मी कधी दिले नाहीत, आणि हे तर मी सोडवायला घेतलंसुद्धा नव्हतं. त्यात सुनेनं माझ्या पाया पडावं... दोन रात्री धड झोप नाही. रविवारी दुपारी गेले. नीरज बाहेरगावी होता. रश्मीनं चहा ठेवला, मी म्हटलं, आधी ऐक. आणि सांगून टाकलं. पाच वर्षं मी त्या बसमध्ये नव्हते. त्या दिवशी फोनवर हो म्हटलं ते खोटं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मतलब... अकेली जाती थीं? इतने साल?" मी मान हलवली. "चक्कर आने के बाद भी?" मी पुन्हा मान हलवली. "और हम यहाँ आराम से बैठे थे," ती म्हणाली. चहा उतू गेला, गॅस तिनंच बंद केला आणि पाठमोरी उभी राहून विचारलं, "आपने बस छोड़ी क्यों थी आंटीजी?"

"पच्चीस मिनट बचते थे," मी म्हटलं. किती वाईट ऐकू आलं ते त्या स्वयंपाकघरात! ती वळली नाही. "आपको नहीं बताना था," म्हणाली. चहा न घेताच मी निघाले. जिन्यापर्यंत सोडायला ती आली नाही, आणि तिनं यावं असं म्हणायला मला तोंडही नव्हतं.

मग दोन आठवडे काही नाही. मी समजून चुकले की ते दार बंद झालं. खरं बोलून मी माझं मन हलकं केलं आणि ओझं त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून आले, असंही वाटायला लागलं. आणि अचानक एका संध्याकाळी तिचा फोन. आवाज कोरडा. सव्वा महिना होत होता, तिलवाऱ्याला दिवा सोडायचा होता. "ये कार से चलने को कह रहे हैं. शाम को सबके साथ फिर जाऊँगी. पर सुबह मैं बस से जाऊँगी, जैसे मम्मीजी जाती थीं." थोडं थांबून म्हणाली, "आप होंगी ना साथ में? सच में?"

मी होते. नऊ वाजल्यापासून मदन महलच्या थांब्यावर उभी होते, बस आली पावणेदहाला. आत नेहमीची गर्दी. मुन्ना भैयानं मला पाहिलं आणि पुढच्यांना सरकवत ओरडला, "जाने दो भाई, जाने दो, इनकी सीट है." तिसऱ्या खिडकीशी रश्मी बसली होती. मांडीवर फुलांचा पुडा आणि दिवा. शेजारच्या सीटवर हिरवी पिशवी, आणि ती घट्ट धरून ठेवलेला तिचा हात. एक बाई तिच्याशी वाद घालत होती, पण ही हटत नव्हती.

रश्मीला मराठी येत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी चार शब्दांच्या पुढे गेली नाही. मला पाहून तिनं पिशवी उचलली, मांडीवर घेतली. डोळे भरले होते, पण सासूच्याच सुरात म्हणाली, "काहून, उशीर केला?"

बस उशिरा आली, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेरा वर्षांची सवय. पण म्हटलं, "हो गं. झाला मला उशीर." आणि बसले.